गुरुत्वाकर्षणाचा नियम आणि प्रसरणशील विश्व

युरेनसची गती हिशेबात बसेना, तेव्हा ज्योतिर्विदांनी एका अज्ञात ग्रहाची कल्पना केली आणि १८४६ साली नेपच्यून सापडला. बुधाच्या कक्षेतील लहानशा विसंगतीसाठीही असाच एक ग्रह कल्पिण्यात आला. तो मात्र कधीच सापडला नाही. तेथे न्यूटनचा नियमच अपुरा पडत होता, हे आइन्स्टाइनने १९१५ साली दाखविले. हिशेब चुकला म्हणजे न दिसणारे काही मानावे, की नियम बदलावा? विश्वाच्या प्रसरणाबाबत हाच प्रश्न आज उभा आहे.

दीर्घिका जितकी दूर, तितक्या अधिक वेगाने ती आपणापासून दूर जाते, हे हबलने १९२९ साली दाखविले. यावरून, सारे विश्व एका महास्फोटातून निघाले असावे, असा तर्क पुढे आला. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर यांना तो पटला नाही. प्रसरणाबरोबर नवे द्रव्य निर्माण होत राहते व विश्वाची घनता कायम राहते, असे त्यांचे गुरू फ्रेड हॉईल मानीत. या दोघांनी १९६४ साली केंब्रिज येथे गुरुत्वाकर्षणाची नवी उपपत्ती मांडली. वस्तुमान हा कणाचा उपजत गुण नव्हे, विश्वातील इतर सर्व द्रव्याच्या प्रभावाने ते त्यास लाभते, हा तिचा गाभा होय. उरलेले विश्व नाहीसे झाले, तर एकाकी कणाला वस्तुमानच उरू नये! कल्पना धाडसी खरी, पण ती गणिताने बांधलेली होती.

१९६५ साली सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मलहरींचा शोध जाहीर झाला. महास्फोटाच्या पक्षाला हे मोठे पाठबळ होते. नारळीकरांनी १९९३ साली हॉईल व बर्बिज यांच्यासह सुधारित सिद्धांत मांडला. बहुतेक शास्त्रज्ञांनी तो स्वीकारला नाही. तथापि १९९८ साली प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे आढळले, आणि स्थिर विश्वाच्या मूळ सिद्धांतातून तसेच निष्पन्न होत होते, हे नमूद केले पाहिजे.

या वाढत्या वेगासाठी बहुतेक जण ‘कृष्ण ऊर्जा’ मानतात. काही जण अतिदूर अंतरांवर गुरुत्वाकर्षणाचा नियमच वेगळा असावा, असे म्हणतात. अशा अनेक सिद्धांतांत गुरुत्वलहरींचा वेग प्रकाशाहून भिन्न येई. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून निघालेल्या गुरुत्वलहरी व गॅमा किरण सुमारे १३ कोटी वर्षांच्या प्रवासानंतर अवघ्या १.७ सेकंदांच्या अंतराने पृथ्वीवर पोहोचले. त्या एका दिवसाने यांतील कितीतरी सिद्धांत निकालात निघाले; वेगाला धक्का न लावणारे मात्र टिकून आहेत.

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ अशाच लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला २०२३ साली केंद्र सरकारने मंजुरी दिली. तिच्या साहाय्याने लहरींच्या उगमाची दिशा अधिक अचूक कळेल आणि दुर्बिणी तिकडे त्वरेने वळविता येतील.