तराजूवर ठरणारी शिक्षा

गांजाच्या केसची बातमी पेपरात आली की धनज गावच्या टपरीवर मला हमखास प्रश्न येतो, "वकीलसाहेब, किती वर्षं जाईल आता हा?"

मी आधी वजन विचारतो. 1985च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात 2001 साली दुरुस्ती झाली आणि शिक्षा मालाच्या वजनाला बांधली गेली. जवळ 1 किलोपर्यंत गांजा सापडला तर फार तर वर्षभराची कैद. 20 किलोच्या वर गेला की किमान 10 वर्षं आणि 1 लाख दंड. धंद्याचा मालक असो की चार पैशांसाठी पोतं पोचवणारा पोरगा, न्यायाधीशांना 10च्या खाली येता येत नाही. कलम 37मुळे जामीनही फार अवघड.

म्हणून पंचनामा हातात आला की मी काट्याची ओळ शोधतो. कायद्याच्या लेखी गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत. ओली झाडं मुळामातीसकट तोलली, तर 12चे 22 किलो व्हायला वेळ लागत नाही. त्या फरकात तरुणपण जातं.

कडक शिक्षेविरुद्ध बोलून मतं मिळत नाहीत, त्यामुळे पुढारी गप्प. पण याच कायद्यात काही गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास फाशी सक्तीची होती. जून 2011मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती न्यायाधीशांच्या विवेकावर सोपवली. 2014मध्ये संसदेनंही कायदा तसा बदलला. फाशीसाठी मान्य केलेला हा विवेक 10 वर्षांच्या कैदेसाठीही हवा, अशी माझी ठाम मागणी आहे.