चार लोकांत नेणारी व्हीलचेअर

लग्नाच्या हॉलमध्ये व्हीलचेअरवरील व्यक्ती बहुतेक वेळा कडेला दिसते. टेबलाखाली गुडघे जात नाहीत, बुफेची भांडी उंचावर असतात आणि उभ्या माणसांच्या गप्पा डोक्यावरून चालतात. मग 'त्यांना लोकांत मिसळायला आवडत नाही' असा समज होतो. दोष मात्र अनेकदा स्वभावाचा नसून खुर्चीच्या मापाचा असतो.

सर्जिकल दुकानात सहज मिळणारी खुर्ची बहुधा रुग्णालयातील वापरासाठी बनवलेली असते. एकाने बसायचे, दुसऱ्याने ढकलायचे. ढकलणारा मागे असल्याने बोलताना दोघांना एकमेकांचा चेहरा दिसत नाही. समोरचा माणूसही अनेकदा ढकलणाऱ्याशीच बोलतो. बसणाऱ्याला स्वतः चाके फिरवता आली, तर सोबती शेजारून चालू शकतो. त्यासाठी मागच्या चाकांचा आस योग्य जागी हवा. तो थोडा पुढे घेतला की ढकलायला आणि वळायला कमी जोर लागतो. फार पुढे घेतला तर खुर्ची मागे कलंडते. म्हणून हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

नजरेला नजर

बसलेल्या माणसाची नजर उभ्या माणसापेक्षा साधारण एक ते दीड फूट खाली असते. मान वर करून तासभर बोलणे थकवणारे असते. आयआयटी मद्रासच्या पुनर्वसन संशोधन केंद्राने २०१९ मध्ये 'अराइज' ही उभे राहता येणारी देशी व्हीलचेअर आणली. तिच्या आधाराने दुकानाच्या काउंटरशी किंवा मित्रांच्या घोळक्यात उभे राहून बोलता येते. मात्र बरीच वर्षे बसून असलेल्यांची हाडे ठिसूळ झालेली असू शकतात, उभे राहताना रक्तदाबही उतरू शकतो. त्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

खुर्चीचे वजनही भेटीगाठी ठरवते. जड खुर्ची ऑटोत चढवायला दोन माणसे लागतात आणि मग 'कशाला त्रास' म्हणून बाहेर जाणेच टळते. याच संस्थेने २०२५ मध्ये आणलेली 'वायडी वन' ही मापानुसार बनणारी खुर्ची सुमारे ९ किलोची आहे. त्याआधी २०२१ मध्ये आलेले 'निओबोल्ट' हे मोटरचे जोडयंत्र खुर्चीला पुढून जोडले, की ती ताशी २५ किलोमीटरपर्यंत वेगाने रस्त्यावर धावते.

नागपूरचे चित्र

नागपुरात मार्च २०१९ पासून मेट्रो धावते आहे. स्थानकांत लिफ्ट आहे, डब्यात व्हीलचेअरसाठी जागा आहे. खरी परीक्षा असते ती घर ते स्थानक या टप्प्यात. तुटलेला पदपथ किंवा दुकानापुढची एकच पायरी सगळी सोय निष्फळ करते. उताराचे मान्य प्रमाण १ फूट उंचीला १२ फूट लांबी असे आहे. पारडी परिसरातील 'अनुभूती' या समावेशक उद्यानाची घोषणा जानेवारी २०२३ मध्ये झाली. सुमारे ९० हजार चौरस फुटांचे हे उद्यान दिव्यांगांबरोबरच ज्येष्ठ आणि इतर नागरिकांसाठीही आहे, हे त्यातले महत्त्वाचे. वेगळी जागा देण्यापेक्षा एकाच बाकाशेजारी खुर्चीला जागा ठेवली, तर ओळखी वाढतात. तर्री पोह्याच्या ठेल्यावर एक ठेंगणे टेबल ठेवले तरी हेच साधते.

खुर्ची घेताना

● बैठकीची रुंदी व्यक्तीच्या मापाची असावी. फार रुंद खुर्ची घराच्या दारातच अडते.
● हात ठेवण्याची पट्टी आखूड किंवा काढता येणारी असावी, म्हणजे जेवणाच्या टेबलाशी सगळ्यांसोबत बसता येते.
● गादी चांगली घ्यावी. मणक्याच्या दुखापतीत त्वचेची संवेदना जाते, दाबाने जखम होते आणि आठवडेच्या आठवडे अंथरुणात काढावे लागतात. दर अर्ध्या तासाच्या आत शरीराचा भार हलवावा.
● फिजिओथेरपिस्टला 'कुठे जायचे आहे, कोणाला भेटायचे आहे' हेही सांगावे. निवड त्यावरच ठरते.

आणि बाकीच्यांसाठी एकच सूचना: व्हीलचेअरवरील व्यक्तीशी दोन मिनिटांपेक्षा जास्त बोलायचे असेल, तर खुर्ची ओढून समोर बसावे. विचारल्याशिवाय त्यांची खुर्ची ढकलू नये.