बोरीची राख आणि काळाचा हिशेब

भोसरी, मोशी, चाकण मागे टाकून पुणे-नाशिक मार्गाने नारायणगावच्या पुढे गेले की जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठी बोरी हे गाव आहे. पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारीशी त्याचा वरवर काही संबंध दिसत नाही. परंतु तेथील नदीकाठच्या दरडीत ज्वालामुखीच्या राखेचा एक थर आहे आणि त्याखालच्या गोट्यांच्या थरात आदिमानवाने घडविलेली, हातकुऱ्हाडींसारखी दगडी हत्यारे सापडली आहेत. महाराष्ट्रात माणूस केव्हापासून वावरतो, या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ या राखेच्या वयात शोधले गेले.

दगडी हत्याराला आपले वय सांगता येत नाही. दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. पण प्रश्न खडक केव्हा थिजला हा नसून त्यावर माणसाचा हात केव्हा पडला हा आहे. म्हणून दगडावर मागाहून काय साचले ते पाहावे लागते. वाळवंटी प्रदेशात खडकांवर लोह, मँगनीज आणि माती यांचा काळसर, लाखेसारखा लेप हजारो वर्षे चढत राहतो. त्यातील पोटॅशियम व कॅल्शियम झिजून जाते, टायटॅनियम टिकते. या प्रमाणावरून वय काढण्याची रीत १९८३ साली पुढे आली. लेपाखाली अडकलेल्या सेंद्रिय कणांचे कर्बमापनही झाले. परंतु अशा नमुन्यांत भिन्न वयांचे कोळशासारखे कण मिसळलेले आढळल्याचे १९९८ साली ‘सायन्स’ साप्ताहिकात प्रसिद्ध झाले आणि त्या आकड्यांवरील विश्वास डळमळला.

आपल्याकडच्या पावसात असा लेप टिकणे कठीण. बोरीला त्याची जागा राखेने घेतली, आणि वादही जवळपास तोच झाला. डेक्कन कॉलेजचे शरद राजगुरू, शीला मिश्रा, रवी कोरिसेट्टर प्रभृतींनी १९८९ साली या राखेचे वय सुमारे १४ लाख वर्षे असल्याचे मांडले. १९९५ साली आर्गॉनच्या सुधारित मापनातून ते ६ लाख ७० हजारांवर आले. त्याच दशकात इतर संशोधकांनी राखेतील काचकणांची रासायनिक घडण तपासून ती सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची असल्याचे प्रतिपादन केले. एकाच राखेचे तीन हिशेब! त्यांपैकी पहिला व तिसरा यांत अठरा पटींहून अधिक अंतर आहे.

यात कोणाची लबाडी नाही. नदीने वाहून आणलेल्या राखेत जुन्या पाषाणाचे थोडे कण मिसळले तरी वय भलतेच फुगते. एखाद्या वस्तीच्या दरडोई उत्पन्नात एका कारखानदाराचे उत्पन्न मिळवावे, तसे. शिवाय राखेचे वय ही हत्यारांच्या वयाची केवळ खालची मर्यादा. खालचा थर राखेहून जुना एवढेच त्यातून सिद्ध होते, किती जुना हे नव्हे. दरम्यान तमिळनाडूतील अत्तिरम्पाक्कम येथील हत्यारे सुमारे १५ लाख वर्षांची असल्याचे २०११ साली वेगळ्याच पद्धतींनी, म्हणजे विश्वकिरणांचे दगडातील परिणाम आणि मातीचे चुंबकत्व तपासून, दाखविण्यात आले.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की १४ लाखांचा आकडा पुन्हा तपासता आला तो राख जागेवर होती म्हणून. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. तेथपासून चाकणपर्यंत पसरत गेलेल्या वस्तीला खडी, वाळू आणि विटा लागतात. वाळू व वीटमाती बहुधा नदीकाठच्या अशाच गाळातून काढली जाते. वाळूच्या ब्रासला भाव आहे. राखेच्या थराला नाही. बाजाराच्या हिशेबात ज्याला किंमत नसते ते सर्वांत आधी खर्ची पडते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. खाणीतून काढलेला दगड दुसरीकडून आणता येतो. नदीच्या दरडीतील थरांचा क्रम एकदा उकरला गेला, की तो पुन्हा रचता येत नाही.

त्यासाठी फार मोठा खर्च लागणार नाही. कुकडी, घोड, भीमा आणि कऱ्हा यांच्या काठी माती वा वाळू उचलण्याचा परवाना देण्यापूर्वी महसूल खात्याने डेक्कन कॉलेजकडून जागा पाहून घ्यावी, राखेच्या थरांची नोंद गावनकाशावर व्हावी आणि प्रत्येक ठिकाणी दरडीचा काही भाग संशोधकांनीही न खणता पुढच्या पिढीच्या उपकरणांसाठी राखून ठेवावा.