चिठ्ठी नको, बिल द्या

या वेळी केळीवरील हरण्या रोगावर लिहायचे ठरवले होते. मावा कसा ओळखावा, फवारणी कधी करावी, असे नेहमीचे. पण मागच्या पावसाळ्यात तापीकाठच्या एका गावी जे पाहिले ते मनातून जात नाही. म्हणून आज रोगाविषयी थोडे आणि खरेदीविषयी जास्त.

त्या भाऊंनी तीन एकरांत मृगबाग लावली होती. पाच बाय पाच फुटांवर एकरी साधारण १७४० रोपे बसतात, म्हणजे तीन एकरांची सव्वापाच हजार झाली. सगळी टिश्यूकल्चरची. ऑगस्टमध्ये पानांवर पिवळे पट्टे दिसू लागले, पोंगा सडू लागला. दर तीन झाडांमागे एक झाड गेले. बांधापलीकडे त्यांच्या धाकट्या भावाची बाग होती. लागवड त्याच आठवड्यातली, रोपे मात्र दुसऱ्या नर्सरीची. ती हिरवीगार उभी.

रोपे विकताना विक्रेत्याचा माणूस चार वेळा घरी येऊन चहा पिऊन गेला होता. तक्रारीचा पहिला फोन केला तेव्हा "बघतो भाऊ" म्हणाला. दुसऱ्या वेळी "साहेब मीटिंगमध्ये आहेत." नंतर नुसती रिंग वाजायची. शेवटी एक पोरगा मोटारसायकलवर आला, मोबाईलवर फोटो काढले आणि म्हणाला, "तुम्ही बांधावर काकडी लावली ना, तिथूनच रोग आला. आमची रोपं चांगली होती."

आता यात तो पोरगा अगदीच खोटे बोलत नव्हता, हेही सांगितले पाहिजे. हा विषाणू काकडीवर्गीय पिकांत, टोमॅटो-मिरचीत आणि कित्येक तणांत राहतो व माव्यामार्फत केळीवर येतो. तसाच तो रोपांतूनही येऊ शकतो. नेमका कुठून आला हे त्याच लॉटची रोपे दुसरीकडे कशी आहेत ते पाहून आणि प्रयोगशाळेत तपासून कळू शकले असते. पण कोणी पाहिलेच नाही.

भाऊ माझ्याकडे आले तोवर अकरा दिवस गेले होते. "साह्यब, केयी गेली," एवढेच म्हणाले. मी शेतावर गेलो तर वावर रिकामे. रोगट झाडे उपटून पुरलेली आणि उरलेल्यांवरही रोटाव्हेटर फिरवलेला. रागवावे तर कोणावर? रोगट झाड दिसले की उपटा, पुरा, बांधावर ठेवू नका, हे मीच प्रत्येक शेतकरी मेळाव्यात सांगतो. रोगासाठी ते बरोबरच आहे. पण उपटण्याआधी पंचनामा करून घ्या, हे शेपूट मी कधी जोडले नव्हते.

बिल मागितले. त्यांनी पाकिटातून घडी घातलेली चिठ्ठी काढली. तीवर रोपांचा आकडा, जमा किती, बाकी किती. दुकानाचे नाव नाही, लॉट नंबर नाही, तारीखसुद्धा नाही. मी रिकाम्या वावराचा पंचनामा लिहिला. तो कागद काही उपयोगाचा नव्हता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

लोक मला विचारतात, आपला शेतकरी बिल का घेत नाही? तो अडाणी आहे म्हणून नव्हे. तो उधारीत आहे म्हणून. रोपे, खत, औषध, सगळे कृषी केंद्रातून उधारीवर येते आणि घड कापले की हिशेब होतो. ज्याच्या वहीत आपले नाव आहे त्याच्याकडे पक्के बिल मागायला जीभ रेटत नाही. पुढच्या हंगामात युरियाची टंचाई पडली तर हाच माणूस दोन गोण्या मागे ठेवणार असतो. मग तक्रार कोण करील?

आणि मी तरी कोणता शहाणा? चार वर्षांपूर्वी घरी मिक्सर आणला. दुकानदार ओळखीचा. वॉरंटी कार्डावर शिक्का मारायचा राहिला तर मी म्हटले, राहू द्या. सात महिन्यांत मोटार जळाली. कंपनीच्या केंद्रात तीन हेलपाटे घातले, तिथे शिक्का नाही म्हणून हात वर केले. बायको अजून पाहुण्यांसमोर विचारते, "साहेब, सभेत काय सांगता लोकांना?"

कायदा मात्र आपल्या बाजूने पुष्कळ सरकला आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा ग्राहकासाठी वेगळा कायदाच नव्हता. तो १९८६ मध्ये झाला. तरीही बियाणे कंपन्या म्हणत, शेतकरी पीक विकतो, म्हणजे तो धंदेवाईक. तो ग्राहक कसा? हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात १६ जानेवारी २०१२ रोजी न्यायालयाने सांगितले की बियाणे घेणारा शेतकरी ग्राहकच आहे. नमुना तपासला नाही ही सबबही मानली नाही. शेतकरी घेतलेले सगळे बी पेरतो, तो तपासणीसाठी बाजूला काय ठेवणार? नमुना लागतो तर त्याच लॉटचा कंपनीने द्यावा.

सध्या २०१९ चा कायदा आहे, २० जुलै २०२० पासून लागू. त्यातील एक गोष्ट आपल्या तालुक्याला फार उपयोगाची. ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. रावेरचे कितीतरी शेतकरी बऱ्हाणपूरहून माल आणतात. तिथल्या दुकानात आमच्या खात्याचा निरीक्षक जाऊ शकत नाही, राज्य वेगळे. पण तुमची तक्रार जळगावच्या आयोगात चालते. मालासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

पण आयोगापुढे कागद लागतो. पक्के बिल, त्यावर लॉट नंबर. बियाण्याची पिशवी फोडताना खालून फोडा, म्हणजे वरचे लेबल शाबूत राहते. टिश्यूकल्चर रोपांसाठी केंद्राची प्रमाणन व्यवस्था २००६ पासून आहे. त्यात विषाणूची तपासणी होते. प्रमाणपत्र दाखवा म्हणून बुकिंगच्या वेळीच म्हणा, पैसे दिल्यावर नव्हे. पीक बिघडले तर तालुका कृषी कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या, आणि समिती येईपर्यंत नांगर घालू नका. समितीला उशीर होतो, हे कबूल. मग रोज जाऊन बसा. माझ्याकडे बसलात तरी चालेल.

निंभोऱ्याकडच्या एका वहिनींचे मका बियाणे या खरिपात निम्मेही उगवले नाही. त्यांनी रिकामी पिशवी, लेबल आणि बिल देवघरातल्या फोटोमागे ठेवले होते. तिसऱ्याच दिवशी अर्ज आला, आठव्या दिवशी पंचनामा झाला. कंपनीचा माणूस पुढच्या वर्षी दोन पिशव्या फुकट देतो म्हणून घरी आला. वहिनींनी त्याला चहा दिला आणि जे काय देणार ते कागदावर लिहून मागितले. तो लिहून न देताच गेला. जळगावला तक्रार दाखल झाली आहे, तारीख पुढच्या महिन्यात आहे. जाताना पिशवीसुद्धा बरोबर न्यायची का, असे त्यांनी परवा विचारले. मी म्हटले, न्या.