समुपदेशक मार्गदाता हवा, मोक्षदाता नको

मनाचा आजार झाला की अंगारे-धुपारे न करता तज्ज्ञाकडे जावे, हे आपल्या समाजाला पटू लागले आहे. ही समाधानाची गोष्ट आहे. पण समुपदेशकाच्या खुर्चीवर बसलेलाही माणूसच असतो, हे आपल्या कुटुंबांनी लक्षात ठेवावे असे आम्हाला वाटते.

घरात कोणाला सांगितले नाही ते रुग्ण समुपदेशकाला सांगतो. मग 'हाच माझा आधार' असे त्याला वाटू लागते. कधी प्रेमही जडते. अशा वेळी समुपदेशकाचा अहंकार सुखावतो. सिग्मंड फ्रॉईड यांनी १९१५ साली या विषयावर लेख लिहून डॉक्टरांना बजावले, की हे प्रेम उपचारातून उपजते. ते आपल्या व्यक्तिमत्त्वाचे यश समजू नये.

म्हणून जाणता समुपदेशक पथ्ये पाळतो. रुग्णाशी उसनवारी करीत नाही, किमती भेट घेत नाही, स्वतःची दुःखे रुग्णापुढे मांडत नाही. आपलाच तोल जातो आहे असे दिसले तर ज्येष्ठ सहकाऱ्याचा सल्ला घेतो. रुग्ण 'दुसरीकडे दाखवतो' म्हणाला तर रागावत नाही. जेवायला बोलावले आणि सर आले नाहीत, तर आपल्या मायबहिणींनी तो अपमान मानू नये. ती मर्यादा रुग्णाच्याच भल्यासाठी असते.

तथागतांनी आजारी भिक्खूला स्वतः आंघोळ घातली, हे विनयपिटकात आहे. सेवा करणाऱ्याने ती मैत्रीभावाने करावी, लाभासाठी नव्हे, असेही त्यांनी तेथे सांगितले. लाभ म्हणजे केवळ पैसा नव्हे. कौतुकाची भूक हाही लाभच. आम्हा कार्यकर्त्यांनाही हे लागू आहे. बुद्ध मार्गदाता होते, मोक्षदाता नव्हते, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्पष्ट केले आहे. समुपदेशकाची कसोटी हीच.

कोणी लगट केली, पैसे उसने मागितले किंवा 'माझ्याशिवाय तू बरा होणार नाहीस' असे म्हटले, तर गप्प बसू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला त्याची माहिती गुप्त राहण्याचा आणि सेवेबद्दल तक्रार करण्याचा हक्क दिला आहे. रुग्णालयाच्या प्रमुखांकडे लेखी तक्रार करा व तिची प्रत जवळ ठेवा. मात्र उपचार सोडू नका, समुपदेशक बदला.

जय भीम!