साळगावकरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण? पिढ्यांचा वाद आणि त्यामागचा हिशेब

आपल्या मंडळात कार्यक्रम कोणताही असो, चहाच्या वेळी वास्कोची चार माणसे एकत्र आली की विषय हटकून फुटबॉलवर येतो आणि तिथून साळगावकर क्लबवर. मग तोच जुना प्रश्न निघतो: क्लबचा आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण? सत्तरीच्या आसपासचे सभासद एका सुरात ब्रह्मानंद शंखवाळकर यांचे नाव घेतात. पन्नाशीतले ब्रुनो कुतिन्हो यांच्यासाठी हटून बसतात. तिशी-पस्तिशीतली मुले २०१०-११ च्या संघाबद्दल बोलतात. शाळकरी नातवंडांना यातले कोणीच पाहायला मिळालेले नाही. त्यांच्या तोंडी एफसी गोवाच्या कोरोमिनासचे नाव असते. आवाज चढतात, चहा थंड होतो, निकाल लागत नाही. तो का लागत नाही, हे नीट समजून घेण्यासाठी हा लेख.

प्रथम थोडी पार्श्वभूमी, विशेषतः तरुण वाचकांसाठी. गोव्यात फुटबॉल आला तो १८८३ साली. शिवोली येथे फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी मुलांना हा खेळ शिकवला, अशी नोंद आहे. पुढे भातकापणीनंतरची शेते हीच गावोगावची मैदाने झाली. साळगावकर क्लबची स्थापना १९५६ ची, म्हणजे गोवा मुक्तीच्या पाच वर्षे आधीची. क्लबच्या मागे खाण उद्योगातले साळगावकर घराणे उभे राहिले आणि क्लबची नाळ वास्को शहराशी जुळली. १९८८ मध्ये फेडरेशन कप जिंकणारा हा गोव्याचा पहिला क्लब ठरला आणि १९८९ मध्ये त्याने तो पुन्हा जिंकला. १९९८-९९ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकण्याचा मानही गोव्यातून प्रथम याच क्लबला मिळाला. तेव्हा प्रशिक्षक होते शब्बीर अली. २०१०-११ मध्ये करीम बेंचेरिफा यांच्या मार्गदर्शनाखाली आय-लीग आणि पाठोपाठ २०११ चा फेडरेशन कप आला. २०१४ मध्ये गोव्यातच झालेल्या स्पर्धेत ड्युरँड कपही मिळाला.

आता वादाकडे वळू. पहिली अडचण अशी की प्रत्येक पिढी मोजमापाची वेगळी पट्टी घेऊन बसते. ब्रह्मानंद ऐन भरात होते तेव्हा भारतात राष्ट्रीय पातळीची साखळी स्पर्धाच नव्हती. ती १९९६-९७ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वी क्लबची पत ठरत असे ती मुंबईचा रोव्हर्स कप, दिल्लीचा ड्युरँड, १९७७ पासूनचा फेडरेशन कप आणि आपल्याकडची बांदोडकर चषक स्पर्धा यांवर. या स्पर्धांत बाद फेरीला महत्त्व. एक वाईट दिवस आणि सामान बांधून घरी. साखळी स्पर्धेत महिनोन्महिने सातत्य लागते, पण एखादी चूक भरून काढता येते. बाद फेरीचा वीर आणि साखळीचा वीर यांची तुलना करताना आपण दोन वेगळ्या परीक्षांचे गुण एकाच गुणपत्रिकेत मांडत असतो.

दुसरी अडचण नियमांची. १९९२ पूर्वी आपल्या बचावपटूने मागे दिलेला चेंडू गोलरक्षक सरळ हातात घेऊ शकत असे. त्या वर्षी नियम बदलला आणि गोलरक्षकाला पायाने खेळणे भाग पडले. म्हणून आजचा मुलगा जुन्या गोलरक्षकाबद्दल विचारतो, ‘त्याचे पायातले कौशल्य कसे होते?’ हा प्रश्न त्या काळाला लागूच होत नाही. तेव्हा गोलरक्षकाची किंमत ठरायची ती उंच क्रॉस पकडण्यावर, समोरून येणाऱ्या आघाडीपटूच्या पायांत झेप घेण्यावर आणि बचावफळीला हाका देऊन जागेवर ठेवण्यावर. तेही खडीच्या, नाही तर पावसात चिखल झालेल्या मैदानावर. फातोर्ड्याचे नेहरू स्टेडियम १९८९ मध्ये झाले, हे लक्षात घेतले म्हणजे आधीच्या पिढीने काय सोसले याची कल्पना येते.

तिसरी अडचण जागेची. गोल करणारा सर्वांना दिसतो, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचेच नाव ठळक छापून येते. गोल वाचवणारा त्या मानाने कमी दिसतो. आणि जो बचावपटू योग्य जागी उभा राहून गोलाची संधीच निर्माण होऊ देत नाही, तो मुळीच दिसत नाही. त्यामुळे अशा वादांत आघाडीपटूंना नेहमी झुकते माप मिळते. साळगावकरचे डेरिक परेरा यांच्यासारख्या बचावपटूचे नाव यादीत खाली जाते किंवा सुटूनच जाते. मधल्या फळीतले साव्हियो मदेरा यांचेही तसेच. सामना पाहिलेला माणूस त्यांची आठवण काढतो. ज्याने फक्त धावफलक वाचला, त्याला ती येणार कुठून?

चौथी गोष्ट पुराव्याची. जुन्या सामन्यांचे चित्रीकरण जवळजवळ नाही. जे आहे ते आकाशवाणीवर ऐकलेले, वर्तमानपत्रात वाचलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला काळ थोडा मुलामा देतो, हे खरे. पण उलट बाजूही आहे. आजच्या खेळाडूची प्रत्येक चूक चित्रफितीत राहते आणि पुन्हा पुन्हा दाखवली जाते. जुना खेळाडू आठवणीमुळे मोठा होतो आणि नवा चित्रफितीमुळे लहान होतो. दोन्ही बाजूंनी थोडी वजावट करूनच निकालाकडे जावे.

पाचवा मुद्दा घरच्या आणि बाहेरच्या खेळाडूंचा. सत्तर-ऐंशीच्या दशकांत कंपनीच्या संघात खेळणारा खेळाडू बऱ्याचदा वर्षानुवर्षे तिथेच राहत असे. लोक त्याला बाजारात पाहत, फेस्ताला आणि जत्रेला भेटत. व्यावसायिक लीग आल्यावर करार आले आणि परदेशी खेळाडूही आले. २०१०-११ च्या विजयात जपानचा र्‍युजी सुएओका आणि नायजेरियाचा चिडी एडे यांचा वाटा मोठा होता. पुढे स्कॉटलंडच्या डॅरिल डफीने गोल केले. ज्येष्ठ म्हणतात, ‘दोन-चार हंगाम खेळून गेलेला आपला कसा?’ तरुण विचारतात, ‘चषक त्यांनीच आणला ना?’ दोघांचेही बरोबर आहे, कारण दोघे दोन वेगळे प्रश्न विचारत आहेत. एकाचा प्रश्न कामगिरीचा, दुसऱ्याचा नात्याचा.

मग काही पद्धत आहे का? बँकेत कर्जाचा अर्ज तपासताना आम्ही कधी एका आकड्यावर निर्णय घेत नसू. अर्ज निरनिराळ्या बाजूंनी पाहायचा, प्रत्येक बाजूची नोंद स्वतंत्र ठेवायची आणि मग एकत्र विचार करायचा. तोच शिरस्ता इथे लावून पाहू. चार रकाने करावेत. पहिला, क्लबला काय मिळवून दिले. दुसरा, आपल्या काळातील देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या तुलनेत तो कुठे होता. तिसरा, किती काळ त्या पातळीवर टिकला. चौथा, खेळ थांबल्यावर मागे काय ठेवले.

या रकान्यांत ब्रह्मानंद यांना बसवून पाहा. ताळगावचा हा गोलरक्षक भारताचा कर्णधार झाला. गोव्याने संतोष करंडक प्रथम १९८२-८३ मध्ये बंगालबरोबर संयुक्तपणे जिंकला आणि पुढच्याच वर्षी स्वतंत्रपणे. १९९७ चा अर्जुन पुरस्कार आणि २०२२ चा पद्मश्री हे त्यांच्या राष्ट्रीय स्थानाचे दाखले. टिकण्याच्या रकान्यात तर त्यांच्याजवळ जाणारा सापडणे कठीण.

ब्रुनो यांचा पहिला रकाना भारी. १९९८-९९ च्या विजेत्या संघातले ते प्रमुख नाव. तेही भारताकडून खेळले, १९९९ मध्ये फातोर्ड्यावर बांगलादेशविरुद्ध झालेल्या सॅफ स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांनी गोल केला, आणि २००१ चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. चौथ्या रकान्यात मात्र मदेरा आणि परेरा अचानक वर येतात. मदेरा प्रशिक्षक असताना भारताने २०११ ची सॅफ स्पर्धा जिंकली. परेरा यांनी महिंद्र युनायटेडला २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकून दिली आणि २०१४ चा ड्युरँड साळगावकरला.

आमचे मत विचाराल तर रकान्यांची बेरीज ब्रह्मानंद यांच्याकडे झुकते, आणि क्लबच्या एका सर्वात मोठ्या विजयाचा चेहरा म्हणून ब्रुनो. कोणी पहिल्या रकान्याला दुप्पट वजन दिले तर उत्तर बदलेल. त्यात गैर काही नाही. फक्त आपण कशाला किती वजन देतो हे आधी सांगावे, म्हणजे निम्मे भांडण तिथेच मिटते.

उरलेले निम्मे मिटू नये असे आम्हाला वाटते, आणि त्याला कारण आहे. आय-लीगचे पहिले सहाही हंगाम, २००७-०८ ते २०१२-१३, गोव्याच्या क्लबांनी जिंकले: धेंपोने तीन, चर्चिल ब्रदर्सने दोन आणि साळगावकरने एक. त्यानंतर चित्र पालटले. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. देशाच्या लीगची फेररचना होऊन आय-लीग दुय्यम ठरणार असे दिसताच २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब आय-लीगमधून बाहेर पडले, पाठोपाठ धेंपोही. याचा अर्थ असा की या वादात भर घालणारी पुढची पिढी मोठ्या मैदानावर तयार होणे थांबले. आज दहा वर्षांचा मुलगा साळगावकरचे नाव ऐकतो ते आजोबांच्या तोंडून. आजोबा बोलायचे थांबले की नावही थांबेल. ज्या क्लबबद्दल कोणी भांडत नाही, तो क्लब पुसला जायला वेळ लागत नाही.

म्हणून सभासदांना एक विनंती. ज्यांनी टिळक मैदानावर, कूपरेजवर किंवा फातोर्ड्यावर हे सामने पाहिले, त्यांनी आपल्या आठवणीतला एक सामना एका पानावर लिहून काढावा: वर्ष, स्पर्धा, प्रतिस्पर्धी, कोण कसे खेळले. तारीख आठवत नसेल तर ती जागा मोकळी सोडावी, अंदाजाने भरू नये. घरात जुनी कात्रणे, तिकिटे, संघाची छायाचित्रे असतील तर त्यांच्या प्रती काढून ठेवाव्यात आणि छायाचित्राच्या मागे नावे लिहावीत. हे काम नातवंडांना शेजारी बसवून केले तर उत्तमच. ती चार रकाने आखतील, आपण भरू. त्यांचे उत्तर आपल्यापेक्षा वेगळे निघाले तर पुढच्या चहाला पुन्हा वाद घालू.