वीराच्या बाहुलीचा चेहरा आधी पाहा

वाढदिवस आला किंवा परीक्षेचा निकाल चांगला लागला की आपल्या मुलांची एक मागणी हल्ली ठरलेली असते. त्यांना सिनेमातल्या वीराची, हातपाय हलणारी बाहुली हवी असते. दुकानात तिला 'ॲक्शन फिगर' म्हणतात. किंमत ऐकली की बापाच्या एका दिवसाच्या मजुरीचा हिशेब डोळ्यांपुढे उभा राहतो. म्हणूनच ती कशी पारखावी, हे माता-पित्यांना ठाऊक असलेले बरे.

हे नाव अमेरिकेत पडले. १९६४ साली हॅस्ब्रो कंपनीने 'जी. आय. जो' हा सैनिक बाजारात आणला. मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत, या धास्तीने कंपनीने तिला बाहुली म्हणायचेच टाळले. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, काळा सैनिकही आला. पण त्याचा साचा गोऱ्या सैनिकाचाच होता. नाक तेच, ओठ तेच, फक्त वरचा रंग तपकिरी! काळ्या माणसाला वीरांच्या रांगेत जागा मिळाली, पण त्याचा स्वतःचा चेहरा मिळाला नाही.

ही बाब क्षुल्लक नाही. बाबासाहेबांनी १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिक्षण घेतले, तेथेच पुढे केनेथ आणि मेमी क्लार्क हे काळे दांपत्य मानसशास्त्राचे डॉक्टर झाले. त्यांनी लहान काळ्या मुलांपुढे दोन रंगांच्या, बाकी सर्व बाबतींत सारख्या बाहुल्या ठेवल्या आणि विचारले, चांगली कोणती? बहुतेक मुलांनी गोरी बाहुली उचलली. मुलांच्या मनावरची ही जखम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली गेली. १९५४ साली शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवताना न्यायालयाने क्लार्क यांच्या अभ्यासाचा दाखला घेतला. खेळण्यातला चेहरा मुलाला काय शिकवतो, हे यावरून उमजावे.

आता 'ब्लॅक पँथर'कडे वळू. हा काळा वीर १९६६ साली चित्रकथेत अवतरला. त्याच वर्षी अमेरिकेत ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला आणि त्या पक्षावरून स्फूर्ती घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. चित्रकथेतल्या वीरावरचा सिनेमा २०१८ साली आला. त्याची वेशभूषा रूथ कार्टर या काळ्या कलावतीने केली आणि त्याबद्दल तिला २०१९ चे ऑस्कर मिळाले. पोशाखावरची त्रिकोणांची नक्षी तिने आफ्रिकी कलेतून घेतली होती. तेव्हा ही बाहुली हाती आली की नुसता काळा रंग पाहून भुलू नये. नक्षी रेखीव उठली आहे की सपाट पुसट झाली आहे, ते पाहावे. काही संचांत मुखवट्याचे आणि उघड्या चेहऱ्याचे अशी दोन डोकी असतात. त्यातला उघडा चेहरा नट चॅडविक बोसमनचा वाटतो का, की कोणाचाही खपेल असा आहे, हे जरूर तपासावे.

बाकीची पारख सोपी आहे. भुवया, ओठ आणि केसांची कड येथे रंग बाहेर सांडलेला नसावा. खांदे, कोपर, गुडघे, घोटे सावकाश फिरवून पाहावेत. दिलेली ढब सांध्याने धरून ठेवली पाहिजे. सांधा अडला तर जोर लावू नये, खिळी पिळवटून तुटते. घरी कोमट पाण्यात थोडा वेळ धरला की प्लास्टिक मऊ होऊन सांधा सुटतो. बाहुली दोन पायांवर आधाराविना उभी राहते का, ते दुकानातच पाहावे. जोडाच्या रेषा बोटाला बोचत असतील किंवा प्लास्टिकला उग्र वास येत असेल, तर ती परत ठेवावी. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात लहान मुलांच्या खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे आहे, ते शोधावे. तीन वर्षांखालील बाळाच्या हाती सुटे पंजे, शस्त्रे देऊ नयेत. ती घशात अडकतात.

संग्रह करणारे लोक खोके न उघडता ठेवतात, पुढे भाव येईल म्हणून. आमच्या मते कष्टकऱ्यांच्या घरात हा जुगार नको. खेळणे खेळण्यासाठीच घ्यावे आणि मुलीलाही तितक्याच हौसेने द्यावे.

हीच कसोटी आपल्या घरच्या मूर्तीलाही लावावी. ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या वाटेवर बाबासाहेबांच्या लहान मूर्ती विकायला असतात. निळा कोट, चष्मा आणि हातात ग्रंथ असला की काम झाले, असे समजून काही कारागीर चेहऱ्याकडे दुर्लक्ष करतात. आपणही घाईत तीच मूर्ती उचलतो. तसे करू नये. चार मूर्ती हातात घेऊन पाहाव्यात, मुलांना विचारावे, "यात आपले बाबा कोणते?" आणि मुले दाखवतील तीच मूर्ती घरी आणावी. गिऱ्हाईक चेहरा पाहून घेते हे कळले, की कारागीरही चेहऱ्यावर मेहनत घेईल.